दुपार वजा करून उरलेला दिवस

नैऋत्य अमेरिकेतल्या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानांची सहल उन्हाळ्यात आखायची असेल, तर मैलांचे आकडे नंतर पाहावेत. आधी प्रत्येक मुक्कामाच्या नावापुढे पेन्सिलीनं त्याची उंची लिहावी. डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर, समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. त्याच उद्यानातलं महॉगनी फ्लॅट, सुमारे २,४८० मीटर वर. झायनच्या दरीतला तंबूंचा तळ आणि आर्चेसजवळचं मोआब गाव, दोन्ही १,२०० च्या आसपास. ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ २,१००. ब्राइसची कड अडीच हजाराच्या घरात. ग्रेट बेसिनमधला व्हीलर पीकचा तंबूंचा तळ ३,०००. आकडे असे एकाखाली एक मांडले की बेत जवळजवळ आपोआप ठरतो. लहान आकड्याच्या जागी पहाटे जाऊन यायचं आणि झोपायला मोठ्या आकड्याच्या जागी चढायचं. तीनशे मीटर चढलं की पारा साधारण दोन-अडीच अंशांनी उतरतो. एवढं एकच सूत्र पाठ असलं तरी अर्धी सहल निभावते.

शहाण्या माणसानं या भागात हिवाळ्यात जावं, हे खरंच. पण रजा उन्हाळ्यात मिळते आणि मित्राची रजा आपल्या रजेशी जुळते तीही उन्हाळ्यातच. तेव्हा ऊन गृहीत धरून बोलू.

उंचीचा हा खेळ डेथ व्हॅलीत सर्वांत उघडा दिसतो. १० जुलै १९१३ रोजी तिथल्या फर्नेस क्रीकला ५६.७ अंश सेल्सिअस नोंदले गेले. जागतिक हवामान संघटनेच्या दफ्तरी पृथ्वीवरचं सर्वाधिक तापमान म्हणून आजही तीच नोंद आहे. दरी लांबट, अरुंद आणि दोन्ही अंगांनी डोंगरांनी आवळलेली. तापलेली हवा वर जाते, डोंगरांत अडकते, पुन्हा खाली घसरते आणि घसरताना दाबली जाऊन आणखी तापते. भात्यानं तीच ती हवा भट्टीत फुंकत राहावी तसं हे चालतं. त्यामुळे रात्रीचाही आधार नाही. जुलैत किमान तापमानाची सरासरीच ३१ अंशांच्या आसपास असते. दरीच्या तळाशी तंबू ठोकला तर रात्रभर कूस बदलत पडण्यापलीकडे काही हाती लागत नाही. सनसेट आणि टेक्सस स्प्रिंग हे खालचे तळ तर उन्हाळ्यात बंदच ठेवतात.

त्याच संध्याकाळी गाडी वाइल्डरोझच्या बाजूनं वर काढली की जग बदलतं. वाटेत १८७७ साली बांधलेल्या कोळशाच्या दहा दगडी भट्ट्या लागतात, उलट्या ठेवलेल्या टोपल्यांसारख्या. त्यांच्यापुढचा रस्ता खडबडीत आणि उभा आहे. बुटक्या गाडीनं तिथे हट्ट करू नये. वर महॉगनी फ्लॅटला दहाच जागा आहेत, आरक्षण नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. पण खाली बॅडवॉटरला अंगाची लाही होत असताना इथे सतरा ते वीस अंशांनी गार असतं, आणि पहाटे स्वेटर शोधावा लागतो. उन्हाळी सहलीच्या सामानात जाड पांघरूण कशाला, असं विचारणाऱ्या मित्राला याच जागी उत्तर मिळतं. रस्ता पुरानं खचलेला असू शकतो, म्हणून आदल्या दिवशी उद्यानाच्या संकेतस्थळावर रस्त्यांची स्थिती पाहून घ्यावी.

उंचीनंतर घड्याळ. उन्हाळ्यातला वाळवंटी दिवस पहाटे चारला सुरू होतो. साडेचारपर्यंत तंबू आवरलेला, पाच वाजता पहिल्या उजेडात पायवाटेवर, आणि नऊच्या आत गाडीपाशी परत. डेथ व्हॅलीत सखल भागात सकाळी दहानंतर चालू नका असं उद्यानवालेच बजावतात. ग्रँड कॅनियनमध्ये दहा ते चार उन्हात राहू नका असं सांगतात. आर्चेसमधली डेलिकेट आर्चची वाट जाऊन-येऊन जेमतेम पाच किलोमीटर आहे. पण उघड्या कातळावरून सुमारे १५० मीटर चढ आणि वाटेवर सावली नाही. सकाळी सहाला तो फेरफटका असतो, अकराला तीच वाट माणसाला बसवते.

घड्याळातच एक गंमत दडलेली आहे. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, युटा करतं. त्यामुळे सीमा ओलांडली की तासाचा फरक पडतो. ॲरिझोनाच्या आतला नवाहो प्रदेश मात्र युटाबरोबर चालतो आणि त्याच्या पोटातला होपी प्रदेश पुन्हा ॲरिझोनाबरोबर. फोनचं घड्याळ जवळच्या मनोऱ्याप्रमाणे मागेपुढे होत राहतं. पहाटेचा गजर लावताना सूर्योदयाची वेळ कुठल्या घड्याळाची आहे ते एकदा पाहावं, नाहीतर थंडाव्याचा एक अख्खा तास हातचा जातो.

मग येते दुपार. अकरा ते पाच. या सहा तासांचं काय करायचं हे कुठल्याच आखणीत लिहिलेलं नसतं आणि सहल बिघडते ती इथेच. अंतर कापायला हे तास सर्वांत बरे. दरवाजे बंद, एसी चालू, आणि खालच्या पट्ट्यातून वरच्या पट्ट्यात जायचं. झायनहून ब्राइस दोन तास. ब्राइसहून कॅपिटॉल रीफ बारा क्रमांकाच्या रस्त्यानं तीन तास, आणि तो रस्ता बोल्डर पर्वतावर २,९०० मीटरवर चढतो, त्यामुळे जेवणाचा थांबा तिथेच, ॲस्पेनच्या सावलीत. कॅपिटॉल रीफचा फ्रुटा तळ जुन्या फळबागांना लागून आहे. १,७०० मीटरच उंची असली तरी झाडांच्या सावलीमुळे तिथे दुपार काढता येते. ज्या दिवशी गाडी हलवायची नसेल त्या दिवशी दुपार सरळ बसून काढावी. दोन माणसं, एक ताडपत्री, वाचायला काहीतरी आणि बोलणं संपलं तरी चालेल अशी ओळख. नवीन ओळखीच्या माणसाबरोबर वाळवंटात जाऊ नये असं वाटतं ते याचसाठी. डोंगर चढणं कुणाबरोबरही जमतं. दुपारी तीन वाजता घामेजून गप्प बसणं सगळ्यांबरोबर जमत नाही.

ताडपत्री ताणायचीही रीत आहे. ती डोक्याला चिकटवून बांधली तर तापलेलं कापड वरून भाजून काढतं. निदान दोन मीटर उंच, वाऱ्याच्या दिशेनं दोन्ही तोंडं मोकळी आणि पश्चिमेची कड खाली ओढलेली, म्हणजे तीननंतरचं तिरपं ऊन अडतं. चंदेरी बाजू वर. तंबूत मात्र दुपारी बसू नये आणि तो रिकामा उभाही ठेवू नये. उन्हानं नायलॉन कुजतं, आतल्या हवा भरायच्या गाद्या फुगून शिवणीत फुटतात आणि संध्याकाळच्या वादळी झोतात रिकामा तंबू पतंगासारखा उडतो. झोपायच्या आधी उभारायचा, उठल्यावर पाडायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

तंबूची जागा निवडताना बहुतेक लोक देखावा पाहतात. आधी कडा कुठल्या बाजूला आहे ते पाहावं. पूर्वेला कडा असेल तर सकाळी सावली मिळते, पण त्याच्या तुमच्याकडच्या अंगावर दुपारभर ऊन पडलेलं असतं आणि तो दगड मध्यरात्रीपर्यंत झळा फेकत राहतो. पश्चिमेला कडा असेल तर ऊन लवकर कलतं, दगड दुपारपासूनच निवायला लागतो आणि रात्र सुसह्य होते. सकाळचं ऊन थेट तंबूवर येतं खरं, पण चारला उठणाऱ्याला त्याचं काय? फक्त कड्याच्या अगदी पायथ्याशी नको, दगड सुटतात. आणि कोरड्या ओढ्याच्या मऊ, सपाट, मोहात पाडणाऱ्या वाळूवर तर कधीच नको. त्याबद्दल पुढे.

कातळावर खुंट्या शिरत नाहीत आणि वाळूत टिकत नाहीत. कातळावर तंबूच्या कानांना दोरी बांधून ती मोठ्या दगडाभोवती घ्यावी. वाळूत पिशवीत वाळू भरून, तिला दोरी बांधून, हातभर खोल आडवी पुरावी. भरलेली पिशवी ओढून निघत नाही. जाळीचा आतला तंबू पुरेसा असतो. वरचं पावसाचं कापड एका बाजूनं अडकवून गुंडाळून ठेवायचं, म्हणजे अपरात्री थेंब आले तर अंथरुणातूनच ओढता येतं. उकाडा सोसवत नसेल तर सुती चादर भिजवून, घट्ट पिळून अंगावर घ्यावी. हवा इतकी कोरडी असते की पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना अंगाची उष्णता घेऊन जातं. समुद्रकाठच्या दमट हवेत हा उपाय फसतो, इथे हमखास चालतो.

पाणी : माणशी दिवसाला चार लिटर पिण्यासाठी, हे किमान. दोघांना तीन दिवस म्हणजे चोवीस लिटर. स्वयंपाक, धुणं आणि गाडीसाठी आणखी दहा-बारा. हे सगळं एका मोठ्या कॅनमध्ये भरू नये. वीस लिटरचा कॅन वीस किलोचा होतो, आणि त्याची तोटी एका धक्क्यानं फुटली की सहल संपली. पाच-सहा लिटरचे कॅन गाडीत वेगवेगळ्या जागी ठेवावेत. कॅनियनलँड्समधल्या विलो फ्लॅट तळावर पाणी नाही, त्याच उद्यानातल्या नीडल्सच्या तळावर आहे. अशी माहिती प्रत्येक जागेची आधी काढून ठेवावी. झायनच्या व्हर्जिन नदीचं पाणी गाळून पिऊ असा विचार करू नये. २०२० पासून तिथे विषारी सायनोबॅक्टेरिया सापडले आहेत आणि त्यांचं विष साध्या फिल्टरनं निघत नाही.

नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं, हे कमी लोकांना ठाऊक असतं. घामातून मीठ जातं, वरून फक्त पाणी येतं आणि रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळ ही लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच असल्यानं माणूस आणखी पाणी पितो आणि आणखी खालावतो. ओळखायची खूण अशी : लघवी वारंवार आणि पाण्यासारखी स्वच्छ होत असेल तर पाणी थांबवून खारट खायला द्यावं, आणि गोंधळ दिसला तर मदत मागवावी. एरवी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे नेहमीचं मिश्रण पुरतं. चमचा चहाचा.

बर्फाचंही एक शास्त्र आहे. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढ्या उष्णतेत शून्य अंशाचं एक किलो पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापेल. म्हणजे थंडावा देतो तो वितळणारा बर्फ. तो सावकाश वितळावा म्हणून सुट्या खड्यांऐवजी लादी घ्यावी, तिचा पृष्ठभाग कमी असतो. आइसबॉक्स आदल्या रात्री थोडा बर्फ टाकून गार करून घ्यावा. कोमट पेटीत सकाळी भरलेला बर्फ पेटीलाच गार करण्यात खर्ची पडतो. साठलेलं गार पाणी लगेच ओतून देऊ नये, त्याच्या जागी गरम हवा शिरते. आणि शक्य तर दोन पेट्या. पिण्याच्या बाटल्यांची पेटी दिवसात तीस वेळा उघडते, जेवणाची तीन वेळा. एकाच पेटीत दोन्ही असलं की दुसऱ्या दिवशी सगळंच पाण्यात तरंगतं. स्टोव्हचे गॅसचे डबे मात्र बंद गाडीत उन्हात ठेवू नयेत. त्यांच्यावर ४९ अंशांची मर्यादा छापलेली असते आणि बंद गाडी ती सहज ओलांडते. डबे गाडीखालच्या सावलीत बरे.

आता सोबतीबद्दल. उन्हाचा त्रास ज्याला होतो त्याला तो कळत नाही, ही त्यातली मेख. ऊन आधी निर्णयशक्ती खातं, मग पाय लटपटतात. मी ठीक आहे असं ठासून सांगणारा माणूस बरेचदा ठीक नसतो. म्हणून दोघांतल्या प्रत्येकानं दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहायचं. बोलणं तुटक झालं, पाऊल वाकडं पडायला लागलं, घोट घ्यायला टाळाटाळ सुरू झाली की थांबायचं. पहिली खूण बहुधा चिडचिड असते. दुपारी दोनला झालेलं भांडण भांडण मानू नये. आधी सावली, पाणी आणि मूठभर खारं, मग अर्ध्या तासानं तोच मुद्दा पुन्हा काढावा. बहुतेक वेळा काढावासा वाटत नाही. आणि निघण्याआधीच एक करार करावा : दोघांपैकी कुणीही मागे फिरू म्हटलं की फिरायचं, कारण विचारायचं नाही. ग्रँड कॅनियनमध्ये तो विशेष लागतो, कारण तिथे उतार आधी आहे आणि चढ नंतर, शिवाय खाली जाल तसा उन्हाळा वाढत जातो. उतरताना फसवी मजा येते. लागलेल्या वेळाच्या दुप्पट वेळ वर यायला धरावा.

बोलणं असंबद्ध झालं, माणूस कोसळला, तर तो उष्माघात. घाम येत असला तरी. तिथे क्षणाचाही विचार नको : सावली, असेल तेवढं पाणी अंगावर, जोरात वारा, बर्फ मानेला, काखेत, जांघेत. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. ९११ या आपत्कालीन क्रमांकाला कळवायचं, पण या भागात फोनला रेंज बहुतेक नसते, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र जवळ हवं. आणि मदत येईलच असं धरून चालू नये. अति तापलेली हवा विरळ होते, हेलिकॉप्टरला उचल मिळत नाही. २०२४ च्या जुलैत डेथ व्हॅलीत नेमक्या याच कारणानं हवाई रुग्णवाहिका येऊ शकली नव्हती.

गाडीचं थोडक्यात. टायरची हवा पहाटे, गाडी गार असताना भरावी. पारा साडेपाच अंश चढला की दाब सुमारे एक पीएसआयनं वाढतो, म्हणून दुपारी आकडा वाढलेला दिसला तरी हवा सोडू नये. जादा चाक आहे का, आणि त्यात हवा आहे का, दोन्ही पाहावं. हल्ली बऱ्याच गाड्यांत चाकाऐवजी नुसता द्रव आणि पंप देतात, आणि धारदार खडीनं टायरची बाजू फाटली तर त्याचा काही उपयोग नसतो. डेथ व्हॅलीतल्या रेसट्रॅक नावाच्या कोरड्या तळ्याकडे जाणारा ४३ किलोमीटरचा कच्चा रस्ता अशाच खडीचा आहे. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्चा रस्ता सहसा बसत नाही, आणि गाडी ओढून आणायचा खर्च मग आपल्या बोकांडी. घाटात इंजिनचा काटा चढायला लागला की एसी बंद, हीटर पूर्ण चालू, खिडक्या उघड्या. ऐकायला क्रूर वाटतं, पण हीटर म्हणजे इंजिनची उष्णता बाहेर काढणारा दुसरा छोटा रेडिएटरच. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नये. टाकी अर्धी झाली की भरावी. सत्तर क्रमांकाच्या महामार्गावर ग्रीन रिव्हर ते सॅलायना या सुमारे १७० किलोमीटरच्या टप्प्यात एकही पंप नाही. गाडी बंद पडलीच तर तिला सोडून चालत जाऊ नये. शोधणाऱ्याला गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

ओढ्याकडे परत येऊ. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत इथे दुपारचे मान्सूनी ढग उठतात. पाऊस वीस मैलांवर पडतो, तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असतं, आणि कातळावरून न मुरता घसरलेलं ते सगळं पाणी अरुंद घळीत एकदम येतं. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनच्या कीहोल कॅनियनमध्ये अशा लोंढ्यात सात जण गेले. पाणी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून यायला लागली, दूरवर गडगड ऐकू आली, तर सामान सोडून वर चढायचं. २० ऑगस्ट २०२३ ला डेथ व्हॅलीत साधारण वर्षभराचा पाऊस एका दिवसात पडला. उद्यान सुमारे दोन महिने बंद राहिलं आणि बॅडवॉटरच्या मिठागरावर चक्क तळं साचलं. पाऊस ओसरल्यावरही चिकणमातीचे रस्ते दिवसभर तरी टाळावेत, टायरला ती सिमेंटसारखी लिंपते.

पैशांचं गणित २०२६ पासून बदललं आहे. सगळ्या राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलर, परदेशी पाहुण्यांना २५०. पास नसलेल्या परदेशी प्रौढांना झायन, ब्राइस, ग्रँड कॅनियन अशा गर्दीच्या अकरा उद्यानांत माणशी १०० डॉलर जास्तीचे. म्हणजे दोघांत एक पास कुणाच्या नावावर घ्यायचा हे आधी ठरवावं. आणखी एक : ग्रँड कॅनियनच्या उत्तर काठावरचं जुनं लॉज २०२५ च्या जुलैतल्या वणव्यात जळालं, तेव्हा तिकडे वळण्याआधी काय उघडं आहे ते पाहावं.

पायाखालीही पाहावं. युटात वाळूवर काळपट, खडबडीत, ढेकळांसारखी साय दिसते. ती जिवंत आहे. सायनोबॅक्टेरिया, शेवाळं आणि दगडफुलं यांनी मिळून माती धरून ठेवलेली असते. एका बुटाचा ठसा भरून यायला कित्येक वर्षं जातात. चालायचं ते कातळावरून किंवा ओढ्याच्या वाळूतून.

रात्रीसाठी अमावास्येच्या आसपासचा आठवडा निवडावा. युटामधलं नॅचरल ब्रिजेस हे २००७ साली जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय अंधार-आकाश उद्यान ठरलं. तेरा जागांचा तळ, उंची जवळपास दोन हजार मीटर, तळावर पाणी नाही, ते कार्यालयापाशी भरून घ्यायचं. उन्हाळ्यात आकाशगंगेचा जाड, गाठाळ भाग रात्रीच्या पूर्वार्धात दक्षिणेकडे असतो. डोळ्यांना अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि फोनच्या एका चमकेनं ती वाया जातात, म्हणून टॉर्च लाल. ॲरिझोनात अतिनील (यूव्ही) टॉर्चही जवळ असावी, तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतात. साडेनऊला जाळीच्या तंबूत आडवं व्हायचं. दगड अजून ऊबच देत असतो, अंगाखालची जमीनही. दोघांपैकी एकाचं बोलणं मध्येच थांबतं आणि श्वास लांबतो. जमीन खरी निवते ती पहाटे तीनच्या सुमारास, तेव्हा पायाशी पडलेलं पांघरूण झोपेतच वर ओढलं जातं. तासाभरानं गजर होतो. बूट उलटे करून दोनदा झटकायचे, मग पाय घालायचा.